डाईंगच्या पंपाची स्लीव्ह टिकत नाही, ३१६ स्टेनलेस घेऊ का?

रंगारी_अक्कलकोटरोड: शाफ्टवर चढवतात ती नळी, म्हणजे शाफ्ट स्लीव्ह, सारखी खराब होतेय. आत्तापर्यंत ३०४ स्टेनलेसची लावत होतो. दुकानदार म्हणतो ३१६ घ्या, पण दर ऐकून डोकं फिरलं. फरक पडेल का? उद्या ऑर्डर द्यायचीय, लवकर सांगा.

लेथवाला: खराब म्हणजे काय? खड्डे पडतात की चर? शाफ्टपाशी गळती थांबवायला दोरीसारखं ग्लँड पॅकिंग आहे की मेकॅनिकल सील? मीठ किती, रंगाचा बाथ किती गरम?

रंगारी_अक्कलकोटरोड: टॉवेलचं डाईंग आहे हो, रिअ‍ॅक्टिव्ह रंगांचं. पॅकिंग आहे. खड्डे आणि चर दोन्ही.

चिंचोलीकर: ४२० स्टेनलेस घ्या, ५० एचआरसी कडकपणापर्यंत हार्डन करा. आमच्या बोअरच्या पंपावर मस्त चालतंय.

लेथवाला: बोअरचं पाणी वेगळं, राव. गडद शेडला लिटरमागे ६०-८० ग्रॅम मीठ पडतं, वर ६० अंश तापमान. ४२० मध्ये खड्डे रोखणारं मॉलिब्डेनम नाही, गंजून चाळण होईल.

शेळगीचा_बाळू: घरच्या टाकीला ३०४ चालेल का? चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४च ना?

लेथवाला: २०२ स्टेनलेसलाही चिकटत नाही. वेगळा धागा काढा.

धातुपारखी: दोन दुखणी आहेत. खड्डे मिठातल्या क्लोराइडमुळे. तिथे ३१६ मधलं २-३ टक्के मॉलिब्डेनम कामी येतं. पण ३१६ हे ३०४ इतकंच मऊ, पॅकिंग घासून चर पडायचे थांबणार नाहीत. ३१६ ची स्लीव्ह घ्या आणि पॅकिंग बसतं तेवढ्या भागावर स्टेलाइट ६ (कडक कोबाल्ट मिश्रधातू) चढवून ग्राइंड करा. हार्ड क्रोम नको. त्याला केसासारख्या भेगा असतात, मीठ खाली शिरतं आणि पापुद्रे सुटतात. पॅकिंग कुठलं? ग्लँडमधून थेंब पडतो का?

रंगारी_अक्कलकोटरोड: ग्राफाइटचं. थेंब पडला की फिटर आवळतो.

धातुपारखी: हे आधी सांगायचं ना! पंप बंद असताना ओलं ग्राफाइट स्टीलला खातं. पीटीएफई (टेफ्लॉन) पॅकिंग लावा. थेंब पडलाच पाहिजे, नाहीतर पॅकिंग कोरडं घासतं. लँटर्न रिंगला, म्हणजे पॅकिंगच्या मधल्या भोकाच्या कड्याला, साधं पाणी द्या, स्टफिंग बॉक्सपेक्षा (पॅकिंग बसतं त्या पोकळीपेक्षा) अर्धा-एक बार जास्त दाबाने. मीठ आधी विरघळवून, गाळून टाका. बॅच संपली की पंप साध्या पाण्याने धुवा.

चिंचोलीकर: त्यापेक्षा मिठाऐवजी ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) वापरा, क्लोराइडच नको.

लेथवाला: हे मात्र पटलं. पण त्याने चर जाणार नाहीत. आणि ३१६ घेताना मॉलिब्डेनम आहे का ते रसायनाच्या थेंबाच्या टेस्टने बघून घ्या, नुसत्या बिलावर विसंबू नका.

रंगारी_अक्कलकोटरोड: बरं, ३१६ वर स्टेलाइट. खर्च किती येईल?

लेथवाला: शाफ्टचा व्यास अजून सांगितला नाहीत, साहेब.