मदत हवी आहे : हीटर लावून खराद सुरू केला की एमसीबी पडतो (ग्वाल्हेर)

खरादवाला_लष्कर
नमस्कार मंडळी. आठ दिवस झाले, डोकं फिरायची वेळ आली आहे. घराच्या मागच्या खोलीत मी तंबोरे-सतारी दुरुस्त करतो. वर पत्रा आहे आणि पहाटे पारा ५-६ वर येतोय. सरस सांध्यात पसरायच्या आधीच थिजतो. म्हणून परवा २००० वॅटचा हीटर आणला. तो चालू असताना खराद (लाकूड कातायचं यंत्र) सुरू केला की एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) पडतो, ट्यूबही मंद होते. तानसेन समारोहाआधी दोन तंबोरे द्यायचं कबूल केलंय, खुंट्या अजून कातायच्या आहेत. कोणता एमसीबी टाकू? कृपया लवकर सांगा.

तारजोड_इंदूर
मोटर किती एचपीची? एमसीबी किती अँपिअरचा, आकड्याच्या आधी बी लिहिलंय की सी? खोलीपर्यंत तार किती एमएमची? अर्थिंग आहे का? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

मुरारकर
३२ चा टाका, काम होईल. आमच्या गिरणीवर तोच आहे, कधी पडत नाही.

तारजोड_इंदूर
मुरारकर, असा सल्ला देऊ नका. एमसीबी तारेला वाचवायला असतो. दीड एमएमच्या तारेवर ३२ चा बसवला तर तो पडणारच नाही आणि तार भिंतीत तापत राहील. शिवाय त्या खोलीत लाकडाचा भुसा आहे.

मुरारकर
गिरणीला बारा वर्षं झाली. पुस्तकी बोलणं सोपं असतं.

तारजोड_इंदूर
गिरणीची तार जाड असेल, म्हणून चालतंय. यांची किती आहे ते अजून कुठे कळलंय?

सतार_बडोदे
मी वेगळं सांगते. खोली तापवायच्या मागे लागूच नका, लाकूड तापवा. आमच्याकडे सासरे प्लायच्या पेटीत १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून सांध्याचे तुकडे आधी अर्धा तास ठेवायचे. लाकूड हाताला कोमट लागलं की मगच सरस. सरसाचं भांडंही गरम पाण्याच्या पातेल्यात हवं, साधारण ६० अंशांवर. उकळला तर त्याची ताकद जाते. पत्र्याच्या खोलीत हीटरची ऊब वरच्यावर निघून जाते, गार लाकडाला तिचा काय उपयोग?

दौलतगंज_काका
आम्ही जन्मभर सिगडीवर हिवाळे काढले. कोळसे पेटवायचे, दार लोटायचं. विजेचा प्रश्नच नाही.

सतार_बडोदे
काका, हात जोडते, हे कुणाला सांगू नका. बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वासही नसतो. माणूस झोपेतच जातो.

मिरजेचा_पाहुणा
तंबोरे मिरजेहूनच का मागवत नाही? तिथल्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय.

खरादवाला_लष्कर
नवे करत नाही हो, लोकांचे जुने नीट करतो.
मोटर १ एचपी, सिंगल फेज. एमसीबीवर बी १६ आहे. तार वडिलांच्या वेळची, जाडी माहीत नाही. अर्थिंगची तिसरी पिन आहे, पुढे काय ते बघितलं नाही. पेटी आजच करतो, ताई.

तारजोड_इंदूर
आता कोडं सुटतंय. तुमची मोटर चालताना साडेसहा अँपिअरच्या आसपास घेत असेल, पण उठताना त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे ४० पर्यंत. हीटरचे पावणेनऊ. बेरीज ४८-४९. बी वर्गाचा एमसीबी ३ ते ५ पटीला झटक्यात पडतो, १६ च्या तिप्पट ४८. म्हणूनच एकटा खराद चालतो आणि हीटरसोबत पडतो. सी वर्गाचा ५ ते १० पटीला पडतो, मोटरला तो योग्य. पण मी एमसीबी बदला म्हणणार नाही. हीटरला मेनपासून वेगळी तार ओढा, तांब्याची, किमान अडीच एमएम, १६ च्या सॉकेटवर. सोबत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) घ्या. हीटर उघड्या कॉइलचा असेल तर भुश्याजवळ तो नकोच, तेल भरलेला घ्या.

नया_बाजार
ट्यूबकडेही लक्ष द्या. जुन्या चोकची असेल तर ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. खरादाचं चार जबड्यांचं चक (लाकूड पकडून फिरवणारा भाग) १५०० फेऱ्यांवर, म्हणजे सेकंदाला २५ फेऱ्यांनी फिरत असेल, तर दर उजेडाला जबडे त्याच जागी दिसतात. चक थांबल्यासारखं वाटतं. माझ्या मामाचं बोट त्यातच गेलं. चांगल्या ड्रायव्हरची, न लुकलुकणारी एलईडी लावा, खरादाच्या अगदी वर.

खरादवाला_लष्कर
ट्यूब जुनीच आहे, बदलतो. एक विचारायचं राहिलं. आई म्हणते, खराद सुरू झाला की हॉलमधला दिवा उलट जास्त उजळतो. त्याचा याच्याशी संबंध नसावा ना?

तारजोड_इंदूर
खराद आत्ता बंद करा. घरात तीन फेज आहे का?

खरादवाला_लष्कर
हो. वर काकांचं बिऱ्हाड आहे म्हणून घेतली होती. मागची खोली वेगळ्या फेजवर आहे.

तारजोड_इंदूर
हे आधी सांगायला हवं होतं. भार पडल्यावर दिवा मंद होणं समजतं. दुसऱ्या खोलीतला उजळला तर न्यूट्रल (तिन्ही फेजची सामाईक परतीची तार) ढिला आहे असं धरा. तो पूर्ण सुटला तर दोन फेजमधला, ४०० व्होल्टपर्यंतचा दाब घरातल्या फ्रीज-टीव्हीवर येईल. मेन पाडा. परवान्याचा वायरमन बोलावून दोन्ही खोल्यांचा व्होल्टेज मोजून घ्या. बिघाड मीटरच्या आधीचा निघाला तर १९१२ वर तक्रार करा, तिकडे स्वतः हात घालू नका.

मुरारकर
हे बरोबर बोललात. आमच्या शेजारी असाच टीव्ही गेला होता.

खरादवाला_लष्कर
वायरमन येऊन गेला. एकदाच खराद लावून मोजलं: मागच्या खोलीत १८१, हॉलमध्ये २५८. मग मेन पाडून स्विच उघडला. न्यूट्रलच्या पट्टीवर एक स्क्रू अर्धा आटा सैल होता, त्याच्याखाली तार कोळशासारखी काळी. इन्सुलेशन दोन बोटं वितळून पट्टीला चिकटलेलं, झाकण काढताच जळका वास नाकात गेला. आई याच स्विचखाली देवपूजेला बसते. ते बघून पाय गळाले माझे. तारजोडसाहेब, तुमचे उपकार विसरणार नाही.
पट्टी बदलली, तार मागे कापून नवीन टोक बसवलं. आता खराद लावला तरी हॉलचा दिवा हलत नाही. खोलीपर्यंतची तार दीडचीच निघाली. हीटरची वेगळी लाइन रविवारी. तोवर ताईंच्या पेटीवर काम चालू आहे, काल पहिला सांधा नीट धरला.

सतार_बडोदे
शिकंजा (सांधा आवळून धरणारा) चोवीस तास काढू नका, थंडीत सरसाला वेळ लागतो. आणि एक, आमच्याकडे सासूबाईंचा बायकी तंबोरा पडून आहे. जवारी (घोडी घासून तारेला आणलेला झणकार) काढून द्याल का?

खरादवाला_लष्कर
समारोह झाला की पाठवा ताई. घोडी (तारा टेकतात ती पट्टी) काढू नका, तशीच बांधून द्या.