पीटीच्या तासाला तिरंदाजी: कोणतं धनुष्य घ्यावं?

मैदानवेडी:
पुढच्या सत्रापासून सहावीला टार्गेट तिरंदाजी सुरू करतेय. वर्गात चाळीस मुलं. पैसे मंजूर झालेत ते जेमतेम सहा साध्या धनुष्यांपुरते. बाण, टार्गेट, जाळी त्यातच बसवायची. रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) की कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं)? कृपया बजेटातलंच सुचवा.

सोनेरी_दहा:
डोळे झाकून जेनेसिस हे कंपाउंड घ्या. अमेरिकेत २००२ साली केंटकीतून सुरू झालेल्या नॅस्प या शालेय कार्यक्रमात हेच वापरतात. ताण १० ते २० पाउंड करता येतो, शिवाय प्रत्येक मुलासाठी ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागे ओढायची ते अंतर) जुळवत बसावं लागत नाही. आमच्याकडे डझनभर आहेत, एकही कुरकुरत नाही.

मैदानवेडी:
बजेट वाचलंत का हो?

कडकडाट:
कंपाउंड कशाला? टेकडाउन, म्हणजे भाग सुटे होणारं रिकर्व्ह घ्या, मुलं मोठी झाली की नुसते लिम्ब्ज (वाकणारे वरचे-खालचे भाग) बदला. मात्र बाण न लावता दोरी ओढून सोडू देऊ नका. आमच्या एका पठ्ठ्याने सोडली, लिम्बला उभा तडा.

सोनेरी_दहा:
बघा! म्हणूनच जेनेसिस.

कडकडाट:
ड्राय फायर, म्हणजे बाणाशिवाय दोरी सोडणं, कंपाउंडलाही घातकच, उगाच काहीतरी.

डावखुरा:
डोळ्यांचं कोणी बोलेल का? दोन्ही हात पुढे करून पंज्यांमध्ये लहानशी फट ठेवायची, तिच्यातून लांबची वस्तू बघायची आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते तो प्रबळ, धनुष्य त्या बाजूचं. मला शाळेत सरसकट उजवं दिलं होतं, अजून राग जात नाही.

चारआण्याचं_मत:
सहावीतल्या पोरांना इतक्या जवळून काय फरक पडतो?

डावखुरा:
उजव्या हाताने ओढणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असेल तर बाण डावीकडे जातो, हा फरक पडतो.

पोडियम_पालक:
आमची लेक ७० मीटरवरून १२२ सेंमीच्या टार्गेटवर मारते. बाण कार्बनचेच घ्या.

शिट्टीमास्तर:
दादा, सहावीचा वर्ग आहे. कार्बन चिरला की कुसळं हातात घुसतात. ताई, धनुष्याआधी शिट्टीचे इशारे पक्के करा. दोन वाजल्या की रेषेवर, एक वाजली की मारायचं, तीनला बाण आणायचे. सलग पाच किंवा जास्त म्हणजे धोका: ओढलेली दोरी हळू सोडून बाण परत भात्यात. सगळ्यांची धनुष्यं खाली ठेवल्याशिवाय तीन वाजवायच्या नाहीत. बाण उपटताना एक हात टार्गेटवर दाबायचा आणि मागे कोणी उभं राहायचं नाही, नॉक (बाणाचं दोरीत अडकणारं मागचं टोक) सरळ डोळ्याशी येतो. ८० सेंमीचं टार्गेट आधी पाच मीटरवर लावा, दहा मीटरची घाई नको. सहा जण मारतील, सहा जण मागून त्यांची ढब बघतील, उरलेले रबरी पट्टीवर ओढण्याचा सराव करतील. नाहीतर रांगेतच धिंगाणा होतो.

कडकडाट:
मी वर तेच म्हणत होतो. टेकडाउन घ्या.

मैदानवेडी:
आभार सगळ्यांचे, विशेषतः शिट्टीमास्तरांचे. ठरलं: फायबरग्लासची अखंड, हलक्या ताणाची धनुष्यं, तीही चारच. डावी-उजवी दोन्हीकडून चालतात, त्यामुळे डोळ्यांचा प्रश्न मिटला. वाचलेल्या पैशांत मोठी जाळी.

सोनेरी_दहा:
चाळीस मुलांत चार? घ्या, घ्या. सत्र संपता संपता जेनेसिसचं विचारायला इथेच याल.