हाताने थापलेली टेराकोटा फरशी आणि जाळी : कशावर बसवावी, सील कधी करावी?

गंधाली
तळमजल्यावर ६० चौ. मी. जागेत हाताने थापलेल्या टेराकोटा फरश्या बसवायच्या आहेत. सांगितलेलं माप ३०० × ३०० मिमी, जाडी २० मिमी. प्रत्यक्षात बाजू २९६ ते ३०२ भरते आणि काही फरश्यांना ३ मिमीपर्यंत बाक आहे. शिवाय बैठक आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये टेराकोटा जाळीचा आडोसा करायचा आहे : १.९ मी. रुंद, २.५५ मी. उंच, एक ठोकळा २०० × २०० × ७५ मिमी.

अ‍ॅडहेसिव्ह वापरावं की मालात (सिमेंट-वाळूच्या गाऱ्यात) बसवावी? सील सांधे भरण्याआधी की नंतर? गवंड्याचं म्हणणं, शेवटी पीयूचा (पॉलियुरेथेनचा) कोट मारला की डाग पडत नाहीत. आणि एवढ्या उंचीची जाळी नुसत्या मालावर उभी राहील का?

आवा
आधी फरश्या तपासा. फरशी बोटांवर तोलून धरा आणि लाकडी दांड्याने हलकेच ठोका. खणखणीत वाजली तर भाजणी नीट झाली आहे. बद्द वाजली तर कच्ची आहे किंवा आत तडा आहे. तडा गेलेली फरशी सरळ बाजूला काढा. नुसती कच्ची असेल तर नखाने खरवडल्यावर पूड सुटते. ती वर्दळीत टिकणार नाही.

मग पाणी किती पिते ते बघा. कोरडी फरशी तोला, २४ तास बुडवा, पुसून पुन्हा तोला. ३.२ किलोची ३.६५ झाली तर शोषण सुमारे १४ टक्के. हाताने घडवलेल्या मालाला हे ठीकच आहे. १८-२० टक्क्यांच्या पुढे गेली तर मी जमिनीवर लावू देणार नाही, भिंतीवर वापरा.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे चुनखडी. मातीत खडे राहून गेले तर भट्टीत ८०० अंशांच्या पुढे त्यांचा कळीचा चुना होतो. नंतर तो ओल ओढतो, फुगतो आणि वरची माती उडवतो. फरशीवर वाटाण्याएवढा खळगा आणि त्याच्या तळाशी बाजरीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला, की दुसरं कारण शोधायला नको. वेगवेगळ्या थप्प्यांतल्या पाच-सहा फरश्या दोनेक तास पाण्यात उकळा आणि आठवडाभर ठेवून बघा. खळगे पडले तर तो दोष पूर्ण थप्पीत असणार, कारण माती एकच आहे. घडवणाऱ्याच्या हातात यावर उपाय असतो : माती बारीक चाळणे, किंवा भट्टीतून काढलेला माल कोमट असतानाच पाण्यात बुडवणे, म्हणजे चुना फुगण्याऐवजी तिथल्या तिथे विरतो. फरशी घरी आल्यावर तेवढा उपयोग होत नाही.

भट्टीतून ताजा निघालेला माल लगेच बसवू नये, हेही लक्षात ठेवा. भाजलेली माती हवेतली ओल घेऊन किंचित वाढते आणि ही वाढ सुरुवातीच्या काळातच सगळ्यांत जास्त असते.

ओळंबा
६ मिमीचा फरक आणि ३ मिमीचा बाक असताना अ‍ॅडहेसिव्हचा पातळ थर पुरणार नाही. तो जाड थापला तर वाळताना आकसतो आणि फरशी खाली बसते. ३० ते ४० मिमी मालात बसवा. सिमेंट : चुना : वाळू १ : १ : ६. चुन्यामुळे माल जरा उशिरा आवळतो, ठोकून लेव्हल करायला वेळ मिळतो आणि आकसही कमी.

हिशेब असा. ६० चौ. मी. × ३५ मिमी म्हणजे २.१ घ. मी. ओला माल, कोरडा धरताना एक तृतीयांश वाढवा, २.८ घ. मी. त्यात सिमेंट ०.३५ घ. मी., म्हणजे ५० किलोच्या १० गोण्या. चुना तेवढाच ०.३५, वाळू २.१ घ. मी. फरश्या १० मिमी सांध्यासह चौ. मी.ला १०.४, एकूण ६२४. तुटफूट आणि निवड धरून ७०० मागवा. ८ मिमीपेक्षा बारीक सांधा या फरश्यांत बसतच नाही, कितीही आग्रह झाला तरी.

फरश्यांचे मापाप्रमाणे तीन ढीग करा आणि एका खोलीत एकाच ढिगातल्या लावा. रंगासाठी मात्र त्या ढिगातल्या निरनिराळ्या थप्प्यांतून उचला, नाहीतर जमिनीवर गडद-फिकट चट्टे दिसतात. प्रत्येक ढिगातल्या वीस फरश्या एकमेकींना चिकटवून मांडा, लांबी मोजून विसाने भागा, त्यात १० मिमी मिळवा. त्या मापाने तीन-तीन फरश्यांची घरं दोरीने आखा. फरक त्या घरातच जिरवायचा, दोरीच्या पलीकडे न्यायचा नाही. स्पेसर (सांधा सारखा ठेवणारे प्लास्टिकचे तुकडे) वापरू नका. फरक सरकत जातो आणि दहाव्या ओळीला सांधा वाकडा दिसतो.

कोरडी फरशी मालातलं पाणी ओढून घेते, मग तिच्या पाठीलगतचं सिमेंट पाण्यावाचून कच्चं राहतं. पुढे पोकळ आवाज येतो तो यामुळेच. बुडबुडे थांबेपर्यंत बुडवा, उभी करून निथळू द्या, वरची चमक गेली की पाठीला सिमेंटची पातळ रबडी फासून बसवा. भिंतीकडेने १० मिमी जागा मोकळी सोडा आणि दाराच्या रेषेत लवचिक सांधा ठेवा.

गंधाली
आभार. अ‍ॅडहेसिव्हचा विचार सोडला. पण फरश्या भिजवल्या, खाली एवढा ओला माल, मग सील नेमकी कधी? आणि पीयूचं काय?

सुनेत्रा
पीयूला स्पष्ट नाही म्हणा. टेराकोटा खालची ओल वरून सोडत असते. वर प्लास्टिकसारखा थर बसला की ओल त्याच्याखाली अडकते. आधी दुधाळ ढग दिसतात, मग पोपडे सुटतात, आणि तो थर काढायला रसायन चोळत बसावं लागतं. छिद्रांतला भाग तरीही निघत नाही. पीयू खराब असतो असं नाही, तो या जमिनीसाठी नाही. तळमजला आहे म्हणून दुप्पट जपा : कोब्याखाली ओल अडवणारा थर नसेल तर जमिनीची ओल कायम वर येत राहणार.

सांधे भरण्याआधी एक पातळ हात आवश्यक आहे. नाहीतर सिमेंटची रबडी छिद्रांत शिरते आणि लाल फरशीवर करडी झाक कायमची राहते. छिद्रांत मुरणारं, वाफ जाऊ देणारं सिलेन-सिलोक्सेन जातीचं सीलर घ्या. फक्त वरच्या तोंडाला लावा. कडांना लागलं तर सांध्याचा माल धरत नाही. हा हात देण्याआधी फरशी वरून कोरडी दिसायला हवी, साधारण आठवडा-दहा दिवस. सांध्याला सिमेंट : बारीक वाळू १ : ३. तुमच्या जागेला ७७ लिटरच्या आसपास लागेल. पिशवीने भरा, थोडं आवळल्यावर दाबा, सांडलेलं लगेच ओल्या स्पंजने टिपा.

शेवटचं सील घाईत करू नका. जाड थर दिवसाला सुमारे १ मिमी वाळतो असा ठोकताळा आहे, म्हणजे ३५ मिमी माल आणि २० मिमी फरशीला दोन महिने धराच. खात्री करायला अर्धा मीटर चौरस प्लास्टिक चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली दव किंवा गडद डाग दिसला तर थांबा.

या काळात लोणा येईल, पांढरी भुकटी. ती येऊ द्यावी. सिमेंट, वाळू, माती यांतले विरघळणारे क्षार पाण्याबरोबर वर येतात आणि पाणी उडाल्यावर पृष्ठभागावर राहतात. कोरड्या ताठ ब्रशाने झाडून उचला. धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा आत जातील. बाजारातलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड टाकू नका. ते सांध्यातलं सिमेंट खातं आणि त्यातून तयार झालेले क्लोराइड नवा लोणा घेऊन येतात.

पूर्ण वाळल्यावर उकळलेलं ('बॉइल्ड' म्हणून विकत मिळणारं) जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन १ : १. पातळ हात द्या, अर्ध्या तासाने न मुरलेलं पुसून घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुसायचं राहिलं तर चिकट कातडं धरतं आणि धूळ त्यात बसते. नंतर मेण, घासून. रंग दोन छटा गडद होतो, म्हणून आधी सुट्या फरशीवर बघा. तेलाचे बोळे गोळा करून टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

ओळंबा
तेल-मेणाला स्वयंपाकघरात माझी हरकत आहे. चुलीसमोर मेण मऊ पडतं आणि पावलांचे मळकट पट्टे दिसतात. तिथे मुरणाऱ्या, डाग रोखणाऱ्या सीलरचे दोन हात द्या, मेण नको.

सुनेत्रा
चुलीसमोर मान्य. फक्त साधं सिलेन-सिलोक्सेन पाणी रोखतं, तेल पूर्ण रोखत नाही. तेलाचा डाग रोखणारं असं स्पष्ट लिहिलेलं घ्या. डाग पडलाच तर मुलतानी माती टर्पेंटाइनमध्ये कालवून डागावर थापा, वर प्लास्टिक, रात्रभर. सुकून भुगा झाला की झाडा. जुना डाग असेल तर दोन-तीनदा करावं लागतं.

आवा
जाळीचं राहिलं. नुसत्या मालावर २.५५ मी. उभी राहील, पण धक्का लागला की आडव्या सांध्यातून जाईल. १० मिमी सांधा धरून ९ ठोकळे × १२ ओळी, १०८; १५ टक्के वाढवून १२५ मागवा, कारण कोपरे उडतात आणि काही वाकडे निघतात. प्रत्येक दुसऱ्या सांध्यात ६ मिमी स्टेनलेस सळई घाला आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या भिंतींत घट्ट रोवा. साधं लोखंड घालू नका. ते गंजून फुगतं आणि जाळीच्या बारीक पट्ट्या फोडतं.

माल इथेही १ : १ : ६. १ : ३ चा कडक माल आकसताना ठोकळ्यालाच तडा देतो; तडा जायचा तर सांध्यात जावा. दिवसाला चार-पाच ओळींच्या वर जाऊ नका, खालचा ओला माल दबून ओळंबा बिघडतो. उंचीप्रमाणे ठोकळे निवडून एका ओळीत एकाच उंचीचे घ्या आणि प्रत्येक ओळीची उंची खूण केलेल्या पट्टीवर तपासा. वरच्या ओळीनंतर स्लॅबखाली १५ मिमी जागा सोडून ती फोम आणि लवचिक सीलंटने भरा. ती जागा मालाने ठासली तर स्लॅब जरा वाकला तरी भार जाळीवर येतो आणि सर्वांत वरचे ठोकळे आधी फुटतात. भोकांतला सांडलेला माल त्याच दिवशी ओल्या ब्रशाने काढा, दुसऱ्या दिवशी तो ठोकळ्याचा कपचा घेऊनच निघतो.