शब्द हवा आहे: संघ गेला, पण 'स्मरणरंजन' नको

प्रश्न

मी न्यू जर्सीत राहते. शेजारचे आजोबा मूळचे न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनचे, 1957 साली दहा वर्षांचे होते. त्यांच्या आठवणी मराठीत लिहिते आहे आणि एका शब्दापाशी अडले आहे. ब्रुकलिन डॉजर्स हा त्यांचा बेसबॉल संघ 1957 चा हंगाम संपल्यावर लॉस एंजेलिसला गेला. एबेट्स फील्ड हे मैदान 1960 मध्ये पाडायला घेतलं, तिथे आता राहत्या इमारती आहेत. आजोबा अजूनही त्या संघाला 'आम्ही' म्हणतात. टीव्हीवर आजचे डॉजर्स दिसले की मात्र उठून आत जातात. मी 'नॉस्टॅल्जिया'साठी 'स्मरणरंजन' लिहिलं, मोठ्याने वाचलं, आणि खोटं वाटलं. यात रंजन कुठे आहे?

प्रतिसाद 1

'स्मरणरंजन' सगळीकडून काढू नका. आजोबा 4 ऑक्टोबर 1955 ची गोष्ट सांगत असतील तिथे तो शब्द चपखल आहे. 1941, 1947, 1949, 1952, 1953 असं पाच वेळा डॉजर्स न्यूयॉर्कच्याच यांकीज संघाकडून वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम विजेतेपदाची मालिका, हरल्यावर अखेर सातव्या सामन्यात डॉजर्सचा चेंडूफेक्या जॉनी पॉड्रेसने यांकीजना एकही धाव मिळू दिली नाही, डॉजर्स 2-0 ने जिंकले. किंवा संघाच्या चाहत्या हिल्डा चेस्टर प्रेक्षकांत बसून गाईच्या गळ्यातली घंटा वाजवायच्या, ती आठवण. हे रंजनच आहे, माणूस त्यात रमतो.

'गतकातरता', 'स्मृतिकातरता' हे शब्द अर्थाने बरोबर आहेत. 'कातरवेळ'मुळे 'कातर' आपल्या कानाला परकाही नाही. पण 'मला गतकातरता आली' असं कोणी बोलत नाही. आजोबांच्या तोंडी तो शब्द घालू नये.

प्रतिसाद 2

बोलीतले शब्द वेगवेगळे करून पाहू. हळहळ दुसऱ्याच्या नुकसानीचीही वाटते, वर्तमानपत्र वाचूनही वाटते. चुटपुट थोडक्यात हुकल्याची असते आणि लवकर विरते. रुखरुख टिकते, कारण तिच्यात 'आपण तेव्हा जायला हवं होतं' हे असतं. एबेट्स फील्डवरचा शेवटचा सामना 24 सप्टेंबर 1957 ला झाला. सुमारे 32 हजारांच्या मैदानात 6,702 माणसं होती. संघ जाणार हे अधिकृतपणे जाहीर झालं ते 8 ऑक्टोबरला. जे त्या संध्याकाळी घरी बसले, त्यांना वाटत असेल ती रुखरुख.

हुरहूर निरोपाच्या आसपासची. साठहून अधिक वर्षांनंतर तिला हुरहूर म्हणवत नाही. मी 'सल' लिहीन. काटा आत राहिला आहे, एरवी दुखत नाही, धक्का लागला की कळतो. टीव्हीवरून उठून जाणं हा तो धक्का. (सल पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी दोन्ही वापरतात. एक धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.)

प्रतिसाद 3

'नॉस्टॅल्जिया' या मूळ शब्दाकडेही पाहा. 1688 मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्याने तो ग्रीकमधून जुळवला: घरी परतणं आणि वेदना. म्हणजे घरापासून लांब गेलेल्या माणसाचं दुखणं. इथे माणसं जागेवरच आहेत आणि घरातलं माणूस निघून गेलं आहे. मराठीत यासाठी नामापेक्षा क्रियापद बरं: 'ब्रुकलिन आपल्या संघाला मुकलं.' मुकण्यात दोष मुकणाऱ्याचा नसतो.

'स्थलांतर' नको, तो सरकारी कागदाचा शब्द. 'बिऱ्हाड हलवलं' जमेल, आणि ते अक्षरशः खरं आहे. मालक वॉल्टर ओमॅली यांनी 1956 मध्येच मैदान विकलं होतं. शेवटचा हंगाम संघ तिथे भाडेकरू म्हणून खेळला.

प्रतिसाद 4

मुकण्याबद्दल सहमत, पण आधीचं वाक्य 'संघ गेला' असं ठेवणार का? ओमॅलींना ब्रुकलिनमध्येच अटलांटिक आणि फ्लॅटबुश रस्त्यांच्या नाक्यावर नवं मैदान हवं होतं. शहराच्या बांधकामांवर पकड असलेले अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी ती जागा दिली नाही, शहराच्याच क्वीन्स भागातली फ्लशिंगची पुढे केली. दोष कोणाचा यावर आजही वाद आहे. पण संघ आपणहून गेला असं ब्रुकलिनचा माणूस म्हणेल असं मला वाटत नाही. 'गेला' आणि 'नेला' यात एका अक्षराचा फरक आहे, पण दुसऱ्यात नेणारा कोणीतरी आहे.

शिवाय 'वेट टिल नेक्स्ट इयर' ही त्यांची दर पराभवानंतरची घोषणा येईलच. 'पुढच्या वर्षी पाहू' लिहू नका, तो थकलेल्याचा सूर आहे. 'पुढच्या वर्षी बघून घेऊ' लिहा. त्यात दमही आहे आणि आशाही. त्या संघाला लोक लाडाने 'बम्स' (निकम्मे) म्हणत, त्यासाठी 'आमची कार्टी'. रागावून आणि जीव लावून, दोन्ही अर्थांनी तो शब्द आपल्या घरांत आहे.

प्रश्नकर्ती

'कार्टी' घेतलंच. 'सल' स्त्रीलिंगी ठेवते, माझ्या आईच्या बोलण्यात ती तशीच होती. 'स्मरणरंजन' फक्त 1955 च्या प्रकरणात ठेवलं.

काल आजोबांना 'गेला' आणि 'नेला' हा फरक समजावून सांगितला. त्यांनी दोन्ही शब्द माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतले. मग दुसरा शब्द स्वतः म्हणून पाहिला. पहिल्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य आता असं आहे: 'मी दहा वर्षांचा होतो, तेव्हा आमचा संघ नेला.'