मदत हवी आहे : एकसरचे वीरगळ नेमके कोणत्या युद्धाचे?

नमस्कार,

उत्तर कोकणच्या शिलाहार राजघराण्याच्या अखेरच्या काळाविषयी लिहिताना एका प्रश्नापाशी अडलो आहे. बोरिवलीतील एकसरच्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर, जे आरमारी युद्ध कोरले आहे, ते यादव राजा महादेव आणि शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेले युद्ध होय, असे बहुतेक ठिकाणी निःशंकपणे लिहिलेले आढळते. परंतु या शिळांवर वाचता येईल असा लेख नाही. मग ही सांगड कशाच्या आधारे घातली गेली?

शिल्पांत वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे एकमेकांवर चालून जात आहेत, वरच्या थरांत अप्सरा वीरांना स्वर्गात नेत आहेत आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा चालली आहे. कोरीवकाम इतके बारकाईचे आहे, पण त्यात राजाचे नाव नाही.

सोमेश्वराचे उरण परिसरातील रानवड आणि चांजे येथील शिलालेख शके ११८१ आणि ११८२ चे, म्हणजे १२५९-६० च्या सुमाराचे आहेत. तोवर त्याची सत्ता शाबूत होती. त्याच्या अंताविषयी सांगतो तो हेमाद्री. महादेवाच्या कोपाग्नीपेक्षा समुद्रातला वडवानल (समुद्राच्या पोटातला अग्नी) बरा, म्हणून सोमेश्वराने बुडणे पत्करले, अशा आशयाचे वर्णन हेमाद्रीच्या राजप्रशस्तीत, म्हणजे राजांच्या स्तुतिकाव्यात, आहे. हेमाद्री महादेवाचाच श्रीकरणाधिप (राजाच्या दफ्तराचा प्रमुख अधिकारी) असल्यामुळे त्यात स्तुतीचा भाग किती आणि घटनेचा किती, हे ठरवणे अवघड जाते. शिवाय त्या प्रशस्तीत यादवांच्या हत्तींचे वर्णन आहे. देवगिरीच्या यादवांचे बळ घाटावरचे. समुद्रावर लढण्याइतकी जहाजे त्यांनी कोठून उभी केली?

दुसऱ्या शक्यताही सोडवत नाहीत. माळव्याच्या भोजाच्या १०२० च्या ताम्रपटांत कोकणविजयाचा उल्लेख आहे, आणि काही अभ्यासक हे वीरगळ त्याच शतकातले मानतात. गोव्याच्या कदंब राजांशीही शिलाहारांचा संबंध आला होता; त्यांचे आरमार प्रसिद्ध होते आणि गोव्यातील वीरगळांवरही जहाजे कोरलेली आहेत. माझा स्वतःचा कल १२६५ च्या बाजूने नाही, कारण त्या मताला शिळेतला पुरावा दिसत नाही. हे वीर सोमेश्वराचे नसतील, तर दुसऱ्याच्या नावावर त्यांचे मरण खपवणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल, असे मला मनापासून वाटते.

शिल्पशैली, वेशभूषा किंवा जहाजांची बांधणी यांवरून या शिळांचा काळ कोणी ठरवला आहे का? गोव्यातील वीरगळांशी त्यांची तुलना झाली आहे का? यादवांच्या जहाजांविषयी हेमाद्रीखेरीज दुसरा एखादा समकालीन उल्लेख ठाऊक असल्यास तो मूळ ओळींसह द्यावा, ही विनंती.