रातपाळीमुळे स्तोत्रांचा नेम सारखा मोडतो, काय करावं?

रातपाळीवाली_सिस्टर
सगळ्यांना सलाम. मी पुण्यात एका रुग्णालयात सिस्टर आहे. बाबा गेल्यावर त्यांचं जुनं प्रार्थनापुस्तक माझ्याकडे आलं. काळा पुठ्ठा, पाठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवलेली. बाबा रोज सकाळ-संध्याकाळ त्यातली बायबलची स्तोत्रं म्हणत. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, लागल्यावर मीही त्याच्या पहिल्या दिवसापासून, राखेच्या बुधवारपासून सुरू केलं. पण आठवड्याला तीन रातपाळ्या असतात, सकाळी घरी येते तेव्हा चपला काढायचंही त्राण नसतं. मग राहिलेलं सुट्टीच्या दिवशी भरून काढते. गेल्या आठवड्यात तीन दिवसांची, म्हणजे 24 ते 37, अशी चौदा स्तोत्रं एका बैठकीत वाचली. उठले तेव्हा एक ओळ आठवेना. थकलेला हप्ता भरल्यासारखं वाटलं. नेम सोडावा का? पण पुस्तक कपाटात ठेवायचा विचार आला की रडू येतं.

पंचहौदची_मावशी
पोरी, सोडू नकोस. फक्त भरून काढणं सोड.

स्तोत्रांच्या वर बघ, महिन्याचा दिवस आणि सकाळ की संध्याकाळ, असं छापलेलं असेल. दीडशे स्तोत्रं तीस दिवसांत वाटली आहेत. एकतीस तारीख आली तर तिसाव्या दिवसाचीच पुन्हा म्हणायची. तुझी चुकली ती पुढच्या महिन्यात त्याच तारखेला परत येतात, तुला त्यांच्यामागे धावायला नको.

माझी आई हे पुस्तक तांदळाच्या डब्याला टेकवून उभं करायची आणि निवडता निवडता म्हणायची. पंधरा तारखेच्या संध्याकाळी एकच स्तोत्र असतं, 78वं, पण चांगलं बहात्तर वचनांचं. त्या दिवशी ती आधी डाळ शिजत घालायची. मिसरातून (इजिप्तमधून) निघालेले इस्राएल लोक रानात कुरकुर करायचे, खडकातून पाणी यायचं, आणि शेवटी दावीद मेंढवाड्यातून निघाला की डाळ शिजलेली. आम्हां मुलांना ते स्तोत्र आणि डाळीचा वास एकत्रच आठवतात. 1970 साली आम्ही अँग्लिकनचे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) झालो, तरी तिने हा क्रम सोडला नाही.

माझं पहिलं बाळंतपण जड गेलं. तीन आठवडे पुस्तकाला हात लावला नाही. नंतर मी मागची पानं शोधायला लागले तर आईने पुस्तक काढून घेतलं आणि विचारलं, "आज तारीख काय?" एकवीस होती. तिने एकविसाव्या दिवसाचं पान उघडून दिलं. बस.

इंग्लंडच्या आर्चबिशप क्रॅनमरने 1549 साली हे पुस्तक इंग्रजीत आणलं तेव्हा मठांतल्या दिवसरात्रीच्या वेळा आटोपून सकाळ आणि संध्याकाळ अशा दोनच ठेवल्या. काय वाचायचं हे शोधण्यातच वाचण्यापेक्षा जास्त वेळ जातो, अशी त्याची जुन्या पद्धतीबद्दल तक्रार होती. 1662च्या पुस्तकात तर पाळकाला (चर्चच्या धर्मगुरूला) सूचना आहे की प्रार्थनेआधी घंटा वाजवायची, म्हणजे लोकांना येता येईल. घंटा झाली की जो येतो तो आजच्या स्तोत्राला बसतो. काल का आला नाहीस, असं त्याला कुणी विचारत नाही. घरी एकटीने म्हणतानाही हे लक्षात ठेव.

यॉर्कचा_पुणेकर
मावशी बरोबर सांगतात. मी इथे कामावरून सुटलो की कधी कधी मिन्स्टरमधल्या (यॉर्कच्या मोठ्या चर्चमधल्या) सायंप्रार्थनेला जातो. गायकवृंद मरीयेचं गीत आणि शिमोनाचं गीत म्हणतो, मी मागे नुसता बसतो. महिनाभर गेलो नाही तरी ती प्रार्थना चालू असतेच, हा मला मोठा आधार वाटतो. सिस्टर, सायंप्रार्थनेच्या शेवटाकडे अंधार उजळण्याची एक छोटी प्रार्थना आहे, रात्रीच्या संकटांपासून राखण मागणारी. ती पाठ करा. रातपाळीच्या माणसाला ती फार जवळची वाटेल.

रातपाळीवाली_सिस्टर
मावशी, तुमच्या आईचा प्रश्न मी कागदावर लिहून पुस्तकात ठेवलाय. काल रात्री वॉर्डाचा चार्ज घ्यायच्या आधी ती छोटी प्रार्थना म्हटली. आज 18 तारीख, सकाळची 90 ते 92. ड्युटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत उभ्यानेच उघडलं. 91व्यात रात्रीच्या भयाचं वचन आलं आणि तिथेच थांबले. आमच्या आठ नंबरच्या आजी रात्रभर हात सोडत नव्हत्या, त्यांची आठवण झाली. पुढचं वाचलंच नाही. एवढंच म्हटलं तर चालतं का?

पंचहौदची_मावशी
चालतं. आजींचं नाव घेऊन म्हण. आणि आता जेवून झोप, संध्याकाळी 93 आणि 94 आहेत.