मालकानं मध्येच काम थांबवलं, झालेल्या कामाचे पैसे मिळतील का?

गिलावा_सोलापूर:
मी मालासकट घरदुरुस्तीची कामं घेतो. जुळे सोलापुरात एक काम 3,20,000 ला ठरलं, कोटेशनवर मालकांची सही आहे. उचल 1,00,000 मिळाली. तोडफोड, गिलावा, वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, हॉलची फरशी झाली. ओटा आणि रंग राहिलाय. बाथरूममध्ये दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं, मालकांनी स्वतः खालच्या छताला हात लावून बघितला, कोरडं होतं. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, "उद्यापासून येऊ नका." आता म्हणतात काम अर्धवट आहे, एक रुपया मिळणार नाही. शनिवारी पोरांचा पगार बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून केला. माझा हक्क आहे की नाही?

जुना_मिस्त्री:
आधी मोजमाप घ्या, आजच. दुसऱ्यानं रंगाचा हात मारला की तुमचा गिलावा कुठला, हे कोण सांगणार? मालकाला कळवून, दोन जाणती माणसं घेऊन जा. टेप धरून फोटो काढा, मालाची बिलं जपा. आणि रागानं फरशी उखडू नका. मी तरुणपणी उखडली होती. पोलीस ठाण्यात बसलो आणि पैसेही गेले.

वकील_दिवाणी:
हक्क आहे. भारतीय करार कायदा, 1872, कलम 53 बघा. तुम्ही काम करायला तयार असताना समोरच्यानंच अडवलं, तर करार मोडायचा का हे तुम्ही ठरवायचं, वर नुकसानभरपाईही मागता येते. कलमाखालचं उदाहरणच अशा अडवलेल्या कामाचं आहे. म्हणून तो मेसेज जिवापाड जपा. तुम्ही स्वतः काम सोडलं असतं, तर उरलेलं काम पुरं करायचा जादा खर्च कलम 73 खाली तुमच्याकडून मागितला गेला असता. खोट निघाली तर दुरुस्तीचा खर्च वजा होईल. कोटेशनबाहेरचं काही केलंय?

गिलावा_सोलापूर:
हो सर. मालकीणबाईंनी सांगितलं म्हणून जिन्याला शहाबादी बसवली. लिहून काही नाही.

वकील_दिवाणी:
त्याला कलम 70. फुकट करायचं नसताना केलेल्या कामाचा ज्यानं लाभ घेतला, त्यानं मोबदला द्यायचा. जिन्याचा हिशेब वेगळा मांडा. आधी नोटीस पाठवा. वकिलाची फी जड वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा, तिथं दाव्याआधी तडजोडही होऊ शकते. पण रेंगाळू नका, मुदत काम झाल्यापासून 3 वर्षं.

गिलावा_सोलापूर:
काल मोजलं. गिलावा 1,140 चौरस फूट, हॉल 260, जिना 17 पायऱ्या. मालक बाहेर आले नाहीत. टेपचं दुसरं टोक त्यांच्या मुलानं धरलं, आणि कागदावर सहीही त्यानंच केली.